आठ दारांचा डबा

लोणंदला त्या मुलाच्या घरी सत्यनारायण चालू होता. नवरा-नवरी गाठ मारून पाटावर बसलेली, गुरुजींचा चौथा अध्याय रंगात आलेला, आणि आमच्या केंद्राने दिलेला कागद हातात धरून कवठे महांकाळचे एक गृहस्थ दारात उभे राहून विचारत होते, "मुलगा हाच ना? आम्ही मुलीकडचे."

पोहे खायला गेलेली माणसं प्रसाद खाऊन परत आली. दुसऱ्या दिवशी सांगलीत आमच्या घरी येऊन त्यांनी सासूबाईंना जे ऐकवलं ते मी इथे लिहीत नाही. त्यातलं निम्मं खरं होतं, आणि खरं असलेलंच जास्त झोंबलं.

'शुभयोग वधू-वर सूचक केंद्र' म्हणजे आमच्या सासूबाई, प्रमोदिनीबाई. पंधरा वर्षांत त्यांनी एवढी लग्नं जमवली आहेत, की हळदीकुंकवाला गेल्या की निम्म्या बायका त्यांच्या पाया पडतात आणि उरलेल्या निम्म्या तोंड फिरवतात. माझं लग्नही त्यांनीच जमवलं. साताऱ्याहून माझा फॉर्म आला, तो त्यांनी दुसऱ्या कुणाला दाखवलाच नाही. थेट आपल्या मुलाला, निमिषला दाखवला. इतर धंद्यांत याला काय म्हणतात ते मला ठाऊक आहे, पण मी तक्रार करत नाही.

ही गोष्ट नव्याण्णव सालची. विश्रामबागेतल्या आमच्या बंगल्यात तेव्हा केंद्राचे तीन कॉम्प्युटर झाले होते. पुढच्या खोलीत एक, तिथे नवी नावं नोंदवायची. मधल्या खोलीत सासूबाईंचा, तिथे त्या जोड्या लावायच्या. आणि वर गच्चीलगतच्या खोलीत माझा, प्रिंटरसकट, तिथे याद्या छापून पाकिटात घालायच्या. तिघांची एकमेकांशी ओळख नव्हती. खालची माहिती वर न्यायची तर फ्लॉपीत भरून न्यायची, आणि ती नेण्याचं काम माझ्या सासऱ्यांकडे, म्हणजे आप्पांकडे होतं.

आप्पा, विष्णुपंत, चौतीस वर्षं रेल्वे मेलमध्ये सॉर्टर होते. मिरज स्टेशनात टपालाची छाटणी करायची, नाहीतर धावत्या गाडीच्या टपालडब्यात उभं राहून पत्रं खणांत टाकायची. पत्र चुकीच्या खणात पडणं हे त्यांच्या लेखी जवळजवळ पाप. त्यांनी फ्लॉप्यांचं कामही तसंच चालवलं. एक खाकी पिशवी शिवून घेतली, आवक-जावक वही घातली, आणि दिवसातून दोन डिस्पॅच ठरवले: सकाळी अकरा दहा आणि दुपारी चार चाळीस. मधल्या वेळेत काही जायचं नाही. अकरा वाजून बारा मिनिटांनी मी जिन्यातून ओरडले, "आप्पा, तेवढी एक फ्लॉपी द्या ना वर," तर खालून शांतपणे उत्तर यायचं, "बॅग बंद झाली."

लोणंदचं काय झालं ते आता तुमच्या लक्षात आलं असेल. 'आमच्या मुलाचं लग्न झालं, नाव काढून टाका' असं मुलाच्या वडिलांनी सकाळी साडेअकराला कळवलं. खालच्या कॉम्प्युटरवर नाव निघालं, फ्लॉपी भरली, पिशवीत पडली आणि चार चाळीसची वाट बघत बसली. मी तीन वाजता वर याद्या छापल्या. चार वाजता त्या पोस्टाच्या पेटीत. आप्पांची पिशवी वेळेवर, एका मिनिटाचाही फरक न पडता, चार चाळीसला माझ्या टेबलावर आली.

मी भांडले. खोटं कशाला सांगू, चांगलीच भांडले. मी म्हटलं, या घरात जिने चढणारं टपाल आता बंद. तीन कॉम्प्युटर तारेने जोडायचे, मध्ये एक डबा बसवायचा, खाली नाव काढलं की त्याच क्षणी वरून गेलं पाहिजे.

आप्पांनी वहीत लोणंदच्या नोंदीपुढे तांबड्या शाईने काहीतरी लिहिलं आणि वही मिटली.

निमिष तेव्हा मिरजेच्या एका हॉस्पिटलात एक्स-रे काढायचा. माणसाच्या आतलं बघायची त्याला सवय. तो म्हणाला, "डबा बसव, पण एक ध्यानात ठेव. रिटायर झाल्यावर पहिले सहा महिने आप्पा काय करत होते आठवतंय?"

मला आठवत होतं. रोज जेवणाचा डबा घेऊन मिरजेला जायचे आणि फलाटावर बसून गाड्या बघून यायचे. जुन्या सहकाऱ्यांनी पहिला आठवडाभर चहा पाजला. पुढे त्यांना कामं होती. आप्पा तरी जात राहिले. घरात कॉम्प्युटर आले, फ्लॉप्या आल्या, तेव्हा ते मिरजेचं बंद झालं. डबा आला की आप्पांच्या हातातलं काम जाणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता. पण मी रागात होते. म्हटलं, "मग काय, माणसांना लग्न झालेली स्थळं दाखवत बसू?"

भरतेशला बोलावलं. भरतेश हा गणपती पेठेतल्या हळदीच्या व्यापाऱ्याचा मुलगा. तीन पिढ्यांची हळद सोडून कॉम्प्युटर विकायला लागला, म्हणून त्याच्या घरी वडील अजून त्याच्याशी जेवताना बोलत नाहीत असं तो हसत हसत सांगायचा. दुपारी चारला आला. हातात चपटा डबा, समोर भोकं, वर दिवे.

"काकू, हा हब. तीन वायरी खोचायच्या, झालं काम. सगळ्यात स्वस्त."

सासूबाईंना 'सगळ्यात स्वस्त' एवढंच ऐकू आलं. "बसवून टाक," त्या म्हणाल्या.

"थांबा," आप्पा म्हणाले. त्यांनी चष्मा बदलला. डबा उलटा केला, सुलटा केला, हलवून बघितला. मग सुरू झाले. दिवे लुकलुकतात, डोळ्यांना त्रास नाही का होणार? तापतो का? वीज कडाडली तर? उंदराने वायर खाल्ली तर? मी जिन्याच्या कठड्याला टेकून दात-ओठ खात होते. प्रत्येक प्रश्न म्हणजे एक दिवस पुढे ढकलणं, हे मला स्वच्छ दिसत होतं. भरतेश बिचारा उत्तरं देत होता आणि मधून मधून खिडकीतून उन्हाकडे बघत होता. जैनाघरचा मुलगा, दिवस बुडायच्या आत जेवायला घरी पोचायचं होतं.

शेवटी आप्पांनी विचारलं, "याला पत्ता कळतो का?"

"म्हंजे?"

"म्हणजे," आप्पांनी माझ्याकडे बोट दाखवलं, "खालून एक गोष्ट वर ज्ञानदाकडे पाठवली. ती फक्त वर जाणार ना?"

भरतेश प्रामाणिक निघाला. त्याने डोकं खाजवलं. "तसं न्हाई, काका. हबला पत्ता बित्ता काय कळत न्हाई. एका दारातनं आलं की बाकीच्या सगळ्या दारांत टाकून मोकळा. ज्याचं असंल त्यो घेतो, बाकीचे सोडून देतात. आन् दोघं एकदम बोलाय लागले की गोंधळ. दोघांनी थांबायचं, परत बोलायचं. पण तुमच्या तीन मशिनीला काय फरक पडत न्हाई, चालतंय."

"चालतंय?" आप्पांचा आवाज चढला. या घरात तो चढलेला मी पहिल्यांदा ऐकला. "एकाचं पत्र गल्लीतल्या सगळ्या दारांत टाकायचं आणि सांगायचं, ज्याचं असेल त्याने घ्या? हे टपाल नव्हे, ही दवंडी झाली! आणि आपल्याकडे काय पत्रं असतात? कुणाच्या मुलीची पत्रिका, कुणाचं वय, कुणाचं मोडलेलं लग्न. नाही. हा डबा या घरात नको."

हब परत गेला. सासूबाई चार दिवस धुसफुसल्या. त्यांना वाटलं, आप्पांनी डाव साधला. मलाही तेच वाटलं. पण एक गोष्ट मला खटकत होती. टाळाटाळ करणारा माणूस इतका मनापासून चिडत नाही.

पुढच्या सोमवारी भरतेश दुसरा डबा घेऊन आला. दिसायला थेट पहिल्यासारखाच. सासूबाईंनी विचारलंही, "हाच तर होता की रे. रंग बदलून आणलास का?"

"न्हाई काकू, हा स्विच. जरा महाग पडतोय. पण काकांना पाहिजे तसला हाय. याला पत्ता कळतो."

"याला सांभाळायला कोण लागतं?" आप्पांनी विचारलं.

"कोन न्हाई. अनमॅनेज्ड म्हंत्यात याला. काय शिकवायचं न्हाई, सेटिंग न्हाई, काय न्हाई. वायर खोचली की आपलं आपण बगतो."

"असा एक मुलगा आमच्याकडे नोंदवून जा," सासूबाई म्हणाल्या. "सहा महिने झाले, बायका तेच मागतायत."

आप्पा हसले नाहीत. ते खुर्ची ओढून डब्यासमोर बसले, जसं कुणी नव्याने भरती झालेल्या माणसासमोर बसावं. भरतेशने तिन्ही वायरी तात्पुरत्या जमिनीवरूनच ओढून जोडल्या. तिन्ही दिवे एकदा लुकलुकले, मग खालून एक यादी वर पाठवली. दोन दिवे चमकले. तिसरा, सासूबाईंच्या वायरीचा, गप्प.

"तिसऱ्याकडे गेलं नाही," आप्पा म्हणाले.

"न्हाई गेलं. त्याचं नव्हतंच की."

"पण याला कसं कळलं, ज्ञानदा कुठल्या दारात राहते? तू तर सांगितलं नाहीस."

"पहिल्यांदा कळत न्हाई त्याला. पहिल्यांदा सगळ्यांना विचारतो. मग कुठल्या दारातनं कोण बोललं ते ध्यानात ठेवतो. पुढच्या टायमाला बरोबर त्याच दारात."

आप्पा मान डोलवत राहिले. "नवा सॉर्टर असाच शिकतो," ते माझ्याकडे बघून म्हणाले. "मी शिकलो तेव्हा पहिल्या महिन्यात सगळ्यांना विचारायचो, आष्टा कुठल्या खणात, पलूस कुठल्या खणात. लोक चिडायचे. नंतर हात आपोआप जायचा." मग पुन्हा भरतेशकडे वळून, "वीज गेली तर?"

"सगळं इसरतो. आली की परत शिकतो. एका मिनटात."

"आणि वर साहेब कोणी नाही? तपासणीला?"

"कोन न्हाई, काका."

"आणि आलेलं किती वेळ धरून ठेवतो? त्याची बॅग कधी बंद होते?"

भरतेशला प्रश्नातला सल कळला नाही. मला कळला. "होतच न्हाई," तो म्हणाला. "आलं की गेलं."

आप्पा बराच वेळ त्या दिव्यांकडे बघत बसले. भरतेशने पुन्हा खिडकीकडे बघितलं. मी जिन्यातच उभी होते आणि माझा सगळा राग कुठे गेला मला कळेना. हा माणूस आपल्या जागेवर येणाऱ्याची मुलाखत घेत होता, आणि एकही खोटा दोष काढायला तयार नव्हता. एक शब्द पुरला असता. 'मला नाही पटत' म्हणाले असते तर सासूबाईंनी महाग असल्याचं निमित्त करून डबा परत केला असता.

"चांगलं काम करतो," आप्पा म्हणाले. "माझ्यापेक्षा चांगलं. हाच घ्या."

मला राहवलं नाही. मी खाली आले आणि म्हटलं, "आप्पा, तरी फ्लॉप्या लागणारच आहेत हं. रोजची एक प्रत काढून ठेवायची, ती कपाटात न्यायची, म्हणजे..."

"ज्ञानदा," ते म्हणाले, "उगीच माझ्यासाठी काम काढू नकोस. मला कळतं." रागाने नाही बोलले. रागाने बोलले असते तर बरं झालं असतं.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण भरतेश वायरी गुंडाळायला लागला तेव्हा आप्पांनी विचारलं, "याला दारं किती?"

"पाच. तुमाला तीन लागत्यात. दोन वर ऱ्हातात."

"आठांचा मिळतो?"

"मिळतो की. पण माझ्याकडं न्हाई. पुण्यास्नं मागवावा लागंल, आठ-दहा दिवस."

"तो मागव."

आता मात्र माझं डोकं सणकलं. म्हणजे शेवटी गाडी मूळ रुळावर आलीच. आठ-दहा दिवसांचे पंधरा होणार, पंधरांचा महिना, तोवर जिन्यात पिशवी चालू. एवढा वेळ मी उगाच हळवी झाले होते. सासूबाई माझ्या आधी बोलल्या. "अहो, तीन कॉम्प्युटरला आठ दारं कशाला? उरलेल्या पाचांत काय कबुतरं पाळायचीत?"

"पाचाच्या डब्यातही जागा आहे, आप्पा," मी म्हटलं, आणि माझा आवाज चांगलाच तिखट होता. "नको असेल तर सरळ नको म्हणा. ही कारणं आता पुरे झाली."

भरतेश वायरीची गाठ सोडवायचं नाटक करायला लागला. आप्पांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, परत घातला.

"उद्या निमिष लावेल एक कॉम्प्युटर. तुझी मुलं होतील, ती लावतील. पाच पुरत नाहीत. डबा घेताना घरातली सगळी माणसं मोजून घ्यावा," ते म्हणाले. मग थोडं थांबून, "आणि तू तीन मोजलीस, ज्ञानदा. तुझी सासू मोजलीस, स्वतःला मोजलंस, येणारी-जाणारी मोजलीस. मला मोजलं नाहीस."

"तुम्हाला? तुम्हाला कशाला हवा कॉम्प्युटर?" सासूबाई म्हणाल्या.

"चौतीस वर्षं मी टपाल छाटलं. लाखांनी पत्रं या हातातून गेली असतील. आंदळकरांची, पाटलांची, मगदुमांची, सगळ्या मुलखाची. त्यात एकही माझं नव्हतं. मला कोण पत्र लिहिणार? आई-वडील इथेच, भाऊ इथेच, बायको इथेच." ते डब्याकडे बघत बोलत होते. "आता छाटायचं काम हा करतोय, उत्तम करतोय, करू दे. मला त्यातलं एक दार हवंय. माझ्या नावाचं. काही येवो न येवो."

मी त्यांना काम हिरावून घेतलेला माणूस समजत होते. त्यांच्यासाठी खोटं काम शोधत होते, आणि त्यांना काम नकोच होतं. त्यांना पत्ता हवा होता. एवढी लाज मला कवठे महांकाळच्या गृहस्थांसमोरही वाटली नव्हती.

सासूबाई उठल्या. डोळ्यांत पाणी आलं की त्यांचा आवाज नेहमी चढतो. "भरतेश, आठाचा मागव. आणि कुणा डॉक्टराने-बिक्टराने बदललेला जुना कॉम्प्युटर असला तर तोही बघ. ह्यांच्यासाठी. आणि आता जा बाबा घरी, दिवस बुडत आला."

डबा बारा दिवसांनी आला. चौथा कॉम्प्युटर मागच्या पडवीत, आप्पांच्या आरामखुर्चीशेजारी बसला. अक्षरं शोधायला त्यांना एक एक मिनिट लागायचं, पण शोधलेलं अक्षर ते पुन्हा विसरायचे नाहीत. भरतेशने वायर खोचली, चौथा दिवा लागला. आप्पा पडद्यासमोर ताठ बसून राहिले, आणि मला कळेना, आता यांना पाठवायचं काय? याद्या पाठवणं बरं दिसेना.

मी वर जाऊन काहीतरी लिहिणार, तोच मधल्या खोलीतून टक्... टक्... असा आवाज यायला लागला. सासूबाई दोन बोटांनी टाइप करत होत्या. मी डोकावले तर त्यांनी पडद्यावर पदर धरला. "तुझं काम कर," म्हणाल्या. पाऊण तास ते टक् टक् चाललं होतं. मध्ये एक कुटुंब नाव नोंदवायला आलं, तर सासूबाईंनी त्यांना पुढच्या खोलीत ताटकळत ठेवलं. पंधरा वर्षांत असं कधी झालं नव्हतं. मग त्यांनी मला हाक मारून विचारलं, "हे ह्यांच्याकडे कसं पाठवायचं? आणि तू वाचायचं नाहीस." मी डोळे मिटून दाखवलं.

डब्याचे दोन दिवे चमकले. बाकीचे गप्प होते.

पडवीतून काही आवाज आला नाही. पाच मिनिटं झाली, दहा झाली. सासूबाई कपाट आवरायच्या निमित्ताने तेच तेच फॉर्म खालीवर करत होत्या. मला काळजी वाटून मी चहा घेऊन पडवीत गेले. आप्पांनी पडदा माझ्यापासून थोडा तिरका केला. नाक लाल झालेलं होतं. चहाकडे त्यांनी बघितलंही नाही.

"ज्ञानदा," ते म्हणाले, "उत्तर कसं धाडायचं ते सांग."

मी सांगितलं, आणि संध्याकाळपर्यंत डब्याचे तेच दोन दिवे चमकत राहिले. त्या दिवशी केंद्राची एकही यादी छापून झाली नाही.